केतकीचं चित्र कुणी हरवलं

संगणकाच्या खोलीत लोक चपला काढून शिरत, त्या काळची गोष्ट. तिथल्या एका संगणकात म्हातारी हार्डडिस्क आणि नवी रॅम राहायच्या. मुलांचं काम आधी रॅमच्या हातात यायचं. ती चपळ होती, पण वीज गेली की सगळं विसरायची. कायमचं जपून ठेवणं हे हार्डडिस्कचं काम. तरी कौतुक व्हायचं ते रॅमच्या चपळाईचं, आणि हार्डडिस्क आतल्या आत जळायची.

केतकी सकाळपासून स्पर्धेसाठी चित्र काढत होती. ते पूर्ण होताच तिने सेव्हचं बटण दाबलं.

"आत्याबाई, हे लवकर ठेवून घ्या," रॅम म्हणाली. "दिवे मिणमिणतायत."

"आता बरी आत्याबाई आठवली! सकाळपासून मिरवत होतीस ना? थांब मग. आम्हीही आयुष्यभर थांबलोय."

"मला काय हव्या त्या शिव्या द्या, पण चित्र त्या पोरीचं आहे हो!"

"उलट बोलतेस?"

तेवढ्यात वीज गेली.

ती परत आली तेव्हा केतकी कोऱ्या पडद्यासमोर रडत होती. हार्डडिस्क साळसूदपणे म्हणाली, "आजकालच्या पोरींच्या डोक्यात काही राहतच नाही."

आजूबाजूच्या जुन्या यंत्रांनी माना डोलावल्या. रॅमला तर काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे तिलाही ते खरं वाटलं.