झोळीचा हेलपाटा

एका ओढ्याच्या पलीकडे, भोकरीच्या झाडावर, एक शिंपी पक्षी राहत असे. अंगठ्याएवढा जीव, पण चोचीची सुई आणि कापसाचा धागा घेऊन तो पानांच्या अशा झोळ्या शिवायचा की पाहत राहावे. अलीकडच्या काठावरचे प्राणी कावळ्याकरवी निरोप धाडून झोळी मागवत आणि कासव ती पाठीवरून आणून देत असे. एका फेरीचे भाडे पाच बोरे. मुलांनो, तुमच्या घरी मोबाइलवरून मागवलेला बूट येतो ना, तशातलाच हा प्रकार.

अलीकडे आंब्याच्या ढोलीत एक खार राहत होती. तिला पिल्ले होणार होती आणि थंडी तोंडावर आली होती. तिने ढोलीतली जागा चालून मोजली आणि निरोप धाडला, सहा पावले लांबीची झोळी हवी. किंमत म्हणून दोन बोंडांचा कापूस आणि भाड्याची पाच बोरे तिने आधीच देऊन टाकली. तीन दिवसांनी झोळी आली. शिवण बघावी तर देखणी, पण आत जेमतेम एक पिल्लू मावले असते. असे का झाले असेल बरे? अहो, शिंप्याने सहा पावले मोजली होती खरी, पण स्वतःची!

खारीने झोळी परत करायचे ठरवले. कासव म्हणाले, "मी न्यायला तयार आहे. पण ही नेण्याची पाच बोरं आणि नवी आणण्याची पाच, ती कोण देणार ते आधी ठरवा." खारीजवळ दहाच बोरे उरली होती. पिल्ले झाली की काही दिवस तिला बाहेर पडता येणार नव्हते, त्या दिवसांसाठी तिने ती राखून ठेवली होती. तिने शिंप्याला विचारून पाहिले. त्याचा उलट निरोप आला, "सहा म्हणालीस, सहा शिवली. परत पाठवेल त्याने भाडं भरावं." तो काही चिक्कू नव्हता. पण मागच्याच महिन्यात एका मैनेने झोळी लग्नात मिरवून घेतली, मग रंग आवडला नाही म्हणून परत केली, आणि भाडे याच्या गळ्यात पडले. दुधाने तोंड भाजले की ताकही फुंकून प्यावे लागते.

खार विचारात पडली. बोरे द्यावीत तर उपास घडणार, न द्यावीत तर पिल्ले उघड्या लाकडावर. शेवटी तिने बोरे ठेवून घेतली आणि झोळी ढोलीबाहेर फांदीला टांगली. येणारा-जाणारा विचारी, ही एवढीशी झोळी कोणाची? खार घडले तेवढे सांगे, पदरचा एक शब्दही घालत नसे. मुंगसाला झोळी मागवायची होती, सशालाही हवी होती. पण मापाची आली नाही तर परतीची बोरे आपल्याच बोकांडी बसतील, असे म्हणून दोघेही निघून गेले.

पंधरा दिवस कावळा एकही निरोप घेऊन आला नाही, तेव्हा शिंप्याला चैन पडेना. असे झाले तरी काय, म्हणून त्याने कासवाला विचारले. कासवाने त्याला एवढेच सांगितले की ओढा ओलांडून जा आणि आपल्या डोळ्यांनी बघ. शिंपी उडत गेला. ढोलीत डोकावला तर तीन पिल्ले उघड्या लाकडावर झोपलेली, आणि त्यांच्यावर शेपटी पांघरून खार स्वतः कुडकुडत होती. त्याला फार वाईट वाटले. सहा पावले म्हणजे कुठून कुठवर, हे त्याने तिला चालून दाखवायला सांगितले आणि तोही तिच्या शेजारून चालू लागला. त्याची सहा संपली, तेव्हा खारीची जेमतेम दोन झाली होती.

शिंप्याने लगेच कासवाला बोलावून घेतले आणि सांगितले, "ही झोळी परत ने आणि उद्या नवी आण. दहाही बोरं माझी. मैनेवरचा राग मी खारीवर काढला, वड्याचं तेल वांग्यावर."

खार ओशाळून म्हणाली, "थोडी चूक माझीही आहे, शिंपीदादा. कोणाची पावलं, ते मी सांगितलंच नव्हतं. उरलेल्यातली दोन बोरं मी देते."

"नको, खारताई," शिंपी म्हणाला. "गिऱ्हाईक आपल्याच पावलांनी मोजणार. कोणाची पावलं, हे विचारणं माझं काम होतं."

दुसऱ्या दिवशी तिन्ही पिल्ले नव्या झोळीत गाढ झोपली. खारीने तेव्हा कुठे राहिलेली बोरे पोटभर खाल्ली.

तात्पर्य : ज्याच्यामुळे हेलपाटा पडला, भाडे त्यानेच भरावे, मन बदलले तर घेणाऱ्याने आणि माप चुकले तर शिवणाऱ्याने.