गेटची तीन पानं

पूर्वी एका शाळेच्या कपाटात इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. त्यात ‘गेट’ या क्रियापदाला मिळणं, आणणं, समजणं, पोचणं अशा अर्थांची तीन पानं होती. ‘ऑब्टेन’ आणि ‘रिसीव्ह’ या म्हाताऱ्यांना मात्र चारच ओळी होत्या.

“तीन अक्षरांचं एवढंसं पोर, आणि सगळे आधी त्याच्याकडे जातात!” ऑब्टेन जळफळला.

रिसीव्हने पुस्तकं खाणाऱ्या कसरीला बोलावलं. “बाई, ती तीन पानं फस्त कर.”

तिने केली. दोघे ऐटीत वाट बघत बसले, पण आता त्यांच्याकडेही कोणी फिरकेना.

कसर म्हणाली, “आजोबा, गेटच्या पानावर समानार्थी म्हणून तुमची नावं होती. तिथूनच पोरं तुमच्याकडे यायची.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“मला वाटलं, तुम्ही ते पान वाचलं असेल.”