आप्पांच्या गाडीचं ट्यूनिंग

"वस्ताद, आता अजून काय कमी आहे?"

हे संभाषण अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथेवर सांगतो, कारण मी तिथंच उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो. त्या दिवशी मी इचलकरंजीत एका लग्नात जेवत होतो. पण जेवतानाही कान उघडे ठेवायची मला सवय आहे, आणि कान उघडे असले की पंगतीत बसूनही गगनबावड्याच्या रस्त्यावरचं ऐकू येतं.

विचारणारा सन्मती चौगुले. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं ट्यून करण्यात पुण्यात त्याचं नाव मोठं, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक.

उत्तर न देणारे दस्तगीर वस्ताद. त्यांच्याच हाताखाली सन्मती पाना धरायला शिकला. बावड्याच्या रस्त्यावर चिंचेखाली त्यांचं गॅरेज. वस्ताद नुसते खोकले तरी बंद पडलेलं इंजिन चालू होतं, असं लोक सांगतात. मी स्वतः पाहिलंय. त्या गाडीत तर इंजिनच नव्हतं.

दोघांच्या मध्ये उभी होती सन्मतीच्या आप्पांची पांढरी गाडी. आप्पा गुळाचे व्यापारी. ते गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा.

सन्मतीनं त्या गाडीत फ्यूल कंट्रोलर बसवला होता. म्हणजे तळहाताएवढा काळा डबा. गाडीचा मूळ मेंदू इंजिनाला सांगतो, एवढं पेट्रोल घे. हा मध्ये बसून म्हणतो, अजून घोटभर घे, किंवा राहू दे आता. सोयरीक जमवणारा मध्यस्थ जसा दोन्ही घरी वेगवेगळं सांगतो, तसा. मग लॅपटॉप जोडायचा आणि इंजिनाच्या कुठल्या फेऱ्यांना किती पेट्रोल, ते आकडे लावत बसायचं. सन्मती आप्पांच्या तेराव्यानंतर जो बसला होता, तो अजून उठला नव्हता.

"आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला. "पिकअप आहे. झटका नाही. चढाला दम खात नाही."

"मग?"

"आप्पा असताना पळायची तशी पळत नाही."

वस्तादांनी बॉनेट उघडलं. आत बघितलं. परत लावलं.

"तुम्ही एकदा हात लावा, वस्ताद. उद्या निपाणीचा माणूस येतोय गाडी विकत न्यायला. आज नीट लागली तर ठेवीन. नाही तर..."

"नाही तर?"

"देऊन टाकतो. आप्पांची म्हणून दारात उभी करायची आणि आत बसलं की दुसऱ्याच कुणाची वाटायची. त्यापेक्षा नकोच."

वस्ताद टायरवर बसले.

"आप्पा असताना कशी पळायची?"

सन्मतीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल विचारलं असतं तर तो दिवस मावळेपर्यंत बोलला असता.

"आता पळवते. तेव्हा... न्यायची. आणि बावड्याच्या चढाला लागली की आवाज खाली उतरायचा. जेवून उठलेला माणूस गुणगुणतो ना, तसा. तो आवाज मला कुठल्याच आकड्यात सापडेनासा झालाय."

"तू चालवायचास?"

"छे. लहान होतो. मोठा झालो आणि पुण्याला गेलो."

"मग बसायचास कुठं?"

"मागं. पुढं आई असायची."

वस्तादांनी हात पुढं केला.

सन्मतीनं किल्ली त्या हातावर ठेवली आणि त्याच्या मनात गूळ फुटला. वस्ताद स्वतः चालवणार. कान लावून ऐकणार. मग म्हणणार, अमुक ठिकाणी घोटभर वाढव. तो लॅपटॉप घेऊन धावत पुढच्या दाराशी गेला.

"तितं न्हाई," वस्ताद म्हणाले. "मागं."

"मागं सीट नाही, वस्ताद. काढून टाकली. वजन कमी झालं की गाडी..."

"मी सीटवर बस म्हटलं व्हय?"

ज्याच्या समोर पुण्याचे भलेभले गाडीवाले अदबीनं उभे राहतात, तो सन्मती चौगुले उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसला. मांडी मावेना, म्हणून गुडघे हनुवटीला लावून बसला. लॅपटॉप पोटाशी धरला. पत्र्याच्या सांध्यांत काहीतरी काळं चिकट होतं. आप्पा गिऱ्हाइकाला दाखवायच्या गुळाच्या भेली मागं ठेवायचे आणि उन्हात त्या पाझरायच्या. त्यानं बोटानं खरवडून बघितलं. वास गेला नव्हता.

गाडी निघाली.

वस्ताद गाडी चालवत होते की तिला फिरायला नेत होते, कळत नव्हतं. एक बैलगाडी पुढं निघून गेली, आणि तिच्या गाडीवानानं वळून दया आल्यासारखं बघितलं.

"वस्ताद, तिसरा गिअर टाका की."

वस्तादांनी काच खाली केली.

"फेऱ्या पडतायत. जरा रेस द्या."

वस्तादांनी कोपर खिडकीबाहेर काढलं.

"वस्ताद, अशानं आकडे काही कळणार नाहीत मला. थोडी पळवा तरी..."

"आप्पाला असंच सांगायचास व्हय रं?"

सन्मती गप्प झाला.

गप्प झाल्यावर माणूस इकडंतिकडं बघतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं गोल घड्याळ त्यानं मोठ्या हौसेनं स्टिअरिंगशेजारी बसवलं होतं. इथून ते दिसत नव्हतं. पुढच्या सीटच्या पाठीनं सगळंच झाकलं होतं. रस्ता दिसत नव्हता. दिसत होती चालवणाऱ्याची मान, मानेवरचे पांढरे केस, आणि वरच्या बाजूला आभाळाची एक पट्टी, तिच्यातून मागं जाणारे झाडांचे शेंडे.

तेव्हाही एवढंच दिसायचं.

चढ लागला. वस्तादांनी घाई केली नाही. दुसऱ्यातच ठेवली. आवाज आधी सन्मतीच्या कानात आला नाही. पत्र्यातून आला, माकडहाडातून वर चढला, आणि पाठीला टेकून बसला.

लॅपटॉप कधी मिटला, ते त्याला कळलं नाही.

घाटमाथा जवळ आला, तसं धुकं उतरलं. असं दाट, की मागं बसलेल्या सन्मतीला पुढची काच दिसेना. आभाळाची पट्टी गेली. झाडं गेली. मानेच्या जागी नुसती एक सावली उरली, आणि ती सावली कुणाचीही असू शकली असती.

"आप्पा," सन्मतीच्या तोंडून गेलं. "आलं का?"

पुढची सावली हलली नाही.

"आलंच. झोप तू."

...

माथ्यावर वस्तादांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागं बसलेला सन्मती बराच वेळ बाहेर आला नाही. वस्ताद तिकडं पाठ करून दरीकडं बघत उभे राहिले, बिडी विझेपर्यंत आणि विझल्यावरही.

शेवटी सन्मती रांगत उतरला. पायांना मुंग्या आल्या होत्या. विजारीला गूळ लागला होता.

"वस्ताद... तोच आवाज. तीच गाडी. काय केलंत तुम्ही? हात कुठं लावलात?"

"स्टिअरिंगला."

"नाही, तसं नाही. काहीतरी बदललंत. मला सांगा, मी पुन्हा लावून ठेवतो."

वस्तादांनी किल्ली त्याच्या हातात दिली. सन्मती चालवायच्या सीटवर जाऊन बसला. गाडी चालू केली, तिथल्या तिथं रेस दिली, कान लावला. गोल घड्याळाचा काटा जिथं असायला हवा तिथंच होता.

त्यानं गाडी बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

आता इथं एक कबूल करून टाकतो, म्हणजे माझं इमान राहील. वस्तादांच्या खोकल्यानं इंजिन चालू होतं, हे खरं आहे. त्यावर वाद नको. बैलगाडी पुढं गेली, तीही खरी. धुकं मात्र मी घातलं. त्या दिवशी चैत्रातलं लख्ख ऊन होतं आणि माथ्यावरून खालचं सगळं कोकण दिसत होतं. सन्मतीला काच दिसेनाशी झाली, एवढंच खरं.

आणि पुढचं खरं.

सन्मती खिडकीतून म्हणाला, "मग उद्या त्या निपाणीच्या माणसाला मी काय सांगू?"

वस्तादांनी मागचं दार उघडलं. रिकाम्या पत्र्याकडं बघितलं. हळूच लावलं.

"सांग, मागली सीट बसवायची ऱ्हायलीया."