नोहेआचा चारपदरी दोर

सात समुद्रांपलीकडे हवाईच्या डोंगरावर धुकं उतरलं, की ते माणसांच्या आवाजात हाका मारतं म्हणे. म्हणून तिथली शहाणी पोरं धुक्यात कुणालाच ओ देत नाहीत.

इवल्याशा नोहेआला आई नव्हती. बाबा रानगुरं पकडायचे. काल ते धुक्यात शिरले, ते परतलेच नाहीत. त्या भेगाळ रानात कमरेला दोर बांधल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशी तिथली रीत. आणि घरातला एकुलता एक दोर बाबांकडे! नोहेआने भिजवलेल्या कातड्याच्या चार लांबलांब वाद्या कापल्या, रानाच्या तोंडाशी लालचुटुक फुलांच्या झाडाला बांधल्या आणि दोर विणू लागली.

तोच एका फुलातून टिचभर परी उतरली. रुपेरी पंख, गुलाबी झगा, पण सावलीच नाही!

"काय हवंय, बाळ?"

"माझे बाबा!"

"देईन हं. पण दोर पुरा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबलीस, तर इच्छा गेली."

नोहेआ विणत राहिली. पांढरंफटक धुकं तिच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. "नोहेआऽ, इकडे ये गं!" हुबेहूब बाबांचा आवाज! तिच्या अंगावर काटा आला. तिने ओ दिली नाही. भीतीने वादी जास्त आवळली, तर दोर तिथेच तुटतो, हे तिला ठाऊक होतं. ती सारख्याच ताणाने ओढत राहिली.

वीतभरच उरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या भेगेतून चिमुकलं वासरू हंबरलं.

"परीताई, एवढं वासरू काढू?"

"काढ की. पण नियम तो नियम."

नोहेआला रडू कोसळलं. रडतरडतच तिने अर्धवट टोकाला गाठ मारली, खाली फास टाकला आणि वासरू वर ओढलं.

"इच्छा गेली," परी पुटपुटली.

धुक्यातून दोन शिंगं पुढे आली. रानगाय! तिने वासराला चाटलं, दोन पावलं गेली आणि वळून नोहेआकडे बघत राहिली. नोहेआने झाडाचा दोर सोडला, एक टोक गाईच्या शिंगांना, दुसरं आपल्या कमरेला बांधलं आणि तिच्यामागे निघाली. गाय थांबली तिथे खोल भेग होती, आणि भेगेत बाबा!

"दोर तुटून पडलो गं! सकाळपासून हाका मारतोय, नोहेआ! ओ का नाही दिलीस?"

नोहेआच्या काळजात चर्र झालं. तिने कमरेचा दोर सोडून खाली टाकला. गाईने ओढलं, बाबा वर आले.

त्यांनी दोर चाचपला. "शेवट अर्धाच का गं?"

"वासरू रडत होतं, बाबा."

बाबांनी तिला घट्ट कवटाळलं. मागोमाग आलेली परी तिच्या कानाशी भिरभिरली. "ही माझी देणगी नाही हो, तुझीच कमाई!" म्हणत परी खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.