टाळ्या घेणारी हाक

फार पूर्वी एका रानात म्हातारा मोर आणि म्हातारा वानर मिळून गाण्यांचा दौरा करत. एकदा त्यांच्या गाण्यांना गुण द्यायला एक साळुंकी बसली होती. शेवटी दोघांनी बिबट्या आल्याची हाक तालात गायली, तशी ऐकायला जमलेली सगळी हरणं डोलू लागली.

साळुंकी घाबरून म्हणाली, "आजोबा, बाकीची गाणी सुरेख, पण या हाकेला शून्य. खरा बिबट्या आला तर काय ओरडाल?"

मोर हसला. "अगं पोरी, सगळे हिच्यासाठीच तर येतात!"

तेवढ्यात हरणांमागचं गवत हललं. गवतात ठिपके दिसताच मोर आणि वानर जीव तोडून ओरडू लागले.

हरणं जागची हलली नाहीत. खूश होऊन ती म्हणाली, "वन्स मोअर!"