चिंचोक्याएवढा खोडरबर

“मेली, हे कुणी सांगितलं?” हिरागीर बुवांनी विचारलं.

“यंत्रच सांगतंय, बुवा.” झुंबरनं पडदा त्यांच्याकडं वळवला.

त्यानं ‘फ्री’ हा हुकूम टाइप केला होता. संगणकात मेमरी किती, हे तो चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीला विचारायचं ते याच शब्दानं. यंत्राच्या पोटात मेमरीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, आणि यंत्र म्हणत होतं, चारच. म्हणजे एक पट्टी गेलेली.

आता हे यंत्र टेकडीवरच्या मठातलं. इतकं जुनं, की आत राहणाऱ्या उंदरांची सातवी पिढी चालू होती, आणि निम्मे हुकूम त्यांनाही पाठ होते म्हणतात. याच यंत्रावर बुवांनी झुंबरला लिनक्स शिकवलं. विजेचा भरवसा नाही, म्हणून हुकूम आधी पेन्सिलीनं वहीत लिहायचा. बुवा चूक दाखवायचे, झुंबर खोडायचा. चुका उदंड, म्हणून खोडरबरही त्यानं विटेएवढा आणला होता.

मग एके दिवशी, “आता तुमच्याकडं शिकवायला काही उरलं नाही,” असं तोंडावर सांगून तो टेकडी उतरला.

त्याला बारा वर्षं झाली. पुण्यात तो हजार यंत्रांचा कारभारी झाला. मठाचं यंत्र अडखळतंय असं कानावर आलं, तसा दोन नव्या पट्ट्या घेऊन निघाला. पट्ट्यांचं निमित्त. बुवांनी एकदा ‘झुंब्या’ म्हणावं, एवढ्यासाठी तो चारशे पायऱ्या चढला होता.

सकाळपासून बुवा त्याला ‘साहेब’ म्हणत होते.

“दिसत नाही, म्हणून मेली?”

“यंत्राला सापडतच नाही, तर...”

“हं...”

बुवांनी यंत्र बंद केलं. वायर उपसली, झाकण काढलं.

“आधी लोखंडाला हात लावा, साहेब. अंगातली वीज उतरू द्या. नाहीतर चांगली आहे तीही जाईल.”

झुंबरनं निमूट हात लावला.

बुवांनी कोपऱ्यातली पट्टी काढून त्याच्या हाती दिली. मग बटव्यात बोटं घालून काहीतरी चाचपलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं.

खोडरबर.

“घासा. कडेला सोनेरी दात आहेत, तेवढेच.”

मेमरीवर खोडरबर... हा तर फुटपाथवरचा इलाज. पुण्यात अशी पट्टी तो न बघता टोपलीत टाकायचा. त्याला हसू आलं. बुवा हसले नाहीत.

त्यानं घासायला घेतलं. रबर काळा पडत गेला, दात उजळत गेले.

पट्टी खाचेत खट्‌कन बसली. यंत्र खोकत खोकत उठलं. त्यानं हुकूम टाकला.

आठ. नखभर कमी, पण आठ.

नव्या पट्ट्या पिशवीतच होत्या. मूठ उघडून तो खोडरबराकडं बघत राहिला. चिंचोक्याएवढा तुकडा, आणि त्याच्या एका अंगाला कर्कटकानं खोल कोरलेला अर्धा ‘झ’. पुढची अक्षरं झिजून गेली होती. सोळाव्या वर्षी त्यानं स्वतःच कोरली होती ती.

“बुवा... हा...”

बुवांनी हात पुढं केला.

“दे इकडं, झुंब्या. दर पावसाळ्यात घासून घासून एवढाच उरलाय.”