बेलान्दींच्या मोटारीचे गिऱ्हाईक

"फादर, माझी मोटार चांगली आहे की नाही, एवढेच सांगा."

फादर उबाल्दो घेवड्याचे वेल काठ्यांना बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला विचारतोस? मी तर गाढवावर बसणारा माणूस."

रुज्जेरो बेलान्दी डोंगरावरच्या मठाच्या बागेत उभा होता. उत्तर इटलीतल्या त्या डोंगराखाली पसरलेल्या लोकरीच्या गिरण्या त्याच्या घराण्याच्या, पेढीही घराण्याची. वेगवान, दोन आसनी मोटारींचा छोटासा कारखाना तेवढा त्याचा स्वतःचा... वडिलांनी वाढदिवसाला दिलेला. उद्या तो त्यांच्याकडे दुसऱ्या, मोठ्या कारखान्यासाठी जागा मागणार होता. आपण खरोखर मोटारी घडवणारे आहोत, की नुसतेच बेलान्दींचे चिरंजीव, हे त्याला त्याआधी जाणून घ्यायचे होते.

आल्याआल्या त्याने मोटारीची किल्ली फादरांच्या पायांशी ठेवली होती. त्यांनी ती उचलून एका काठीला अडकवली आणि पुन्हा वेल हाती घेतला.

"बाकीचे काय म्हणतात?"

"तोंड भरून स्तुती करतात."

"कोण कोण?"

"वर्तमानपत्र..."

"ते कोणाचे?"

"मोठ्या काकांचे."

"बरे. शर्यतीत धावते?"

"गेल्या वर्षी पहिली आली! चषक मिळाला."

"कसला चषक?"

रुज्जेरो घुटमळला. "आजोबांच्या स्मरणार्थ असतो तो."

फादरांनी सुतळीची गाठ दातांनी आवळली. "विकत कोणी घेतल्या?"

"पहिली आत्याच्या यजमानांनी. दुसरी आमच्या गिरणीला लोकर पुरवणाऱ्या गृहस्थांनी. तिसरी..."

"तिसरी?"

"आमच्या घरच्या दंतवैद्यांनी."

फादरांनी पुढचा वेल हाती घेतला.

"म्हणून तर आपल्याकडे आलो," रुज्जेरो काकुळतीने म्हणाला. "आपले आमच्याशी काही देणे-घेणे नाही. आपण खरे सांगाल."

फादरांनी एक सुटी काठी उचलून मठाच्या छपराकडे दाखवली. कौले नवी कोरी होती.

"तुझ्या आईने घातली. पूर्वी माझ्या अंथरुणावर पाणी गळायचे. आता रात्रभर गाढ झोप लागते." ते प्रथमच त्याच्याकडे पाहून हसले. "तुझी मोटार फारच चांगली आहे, बाळ."

रुज्जेरोचा चेहरा उतरला. उंची कपड्यांची पर्वा न करता तो वाफ्याच्या कडेला मातीतच बसला.

"मग विचारू तरी कोणाला?"

"इतक्या माणसांत 'नको' कोणी म्हटले?"

"आम्हाला नको कोण म्हणणार?" तो उसळून बोलला, आणि थबकला. "एक बाई म्हणाल्या होत्या. पार्माच्या. रेशमाचा व्यापार आहे त्यांचा. आमची त्यांची ना ओळख ना पाळख. मोटार घ्यायचीच म्हणून आल्या, स्वतः चालवून पाहिली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ही मी घेणार नाही."

"का?"

"ते त्या सांगू लागल्या होत्या..."

"मग?"

रुज्जेरोने बुटावरची माती झटकली.

"मी व्यवस्थापकाला खूण केली. त्याने त्यांना फाटकापर्यंत पोचवले."

"राग आला?"

"अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांचे नावही घरात काढू दिले नाही मी." तो हाताने माती उकरू लागला. "पण काय सांगणार होत्या त्या? वळणावर डोलते, असे? बैठक टोचते? की आणखी काही? फादर... काय बरे असेल?"

त्याच्या आवाजात आता राग नव्हता. लहान मुलासारखे नवल होते.

फादर गुडघ्यांवर हात टेकून उठले. काठीवरची किल्ली काढून त्यांनी ती त्याच्या मातीने भरलेल्या तळहातावर ठेवली. मग सूर्याकडे पाहिले आणि खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिले.

"तुझी मोटार फार वेगाने धावते म्हणतात. मग दिवस मावळायच्या आत पार्माला पोचशील."